बिनट्रेडचा

बाबा,

परवा ताईचा अमेरिकेहून फोन आला. म्हणाली, कंपनीत माझ्या कामाचं नाव पुन्हा बदललं. मी विचारलं, काम बदललं का? म्हणाली, नाही रे, काम तेच, खुर्ची तीच, गळ्यातलं कार्ड तेवढं नवीन. मी म्हणालो, "म्हणजे स्टोकरसारखं झालं तुझं." मला वाटलं हसेल. हसली नाही. पलीकडे भांडी आवरत म्हणाली, "बाबांना तू कधीतरी लिही. मला जमत नाही, तू बडबड्या आहेस." मी म्हणालो, डोकं फिरलंय का तुझं, गेलेल्या माणसाला कोणी लिहितं का. आणि आता बुधवार पेठेत दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. दुपार आहे. या वेळेला पुण्यात गिऱ्हाईक आलं तर ते बाहेरगावचं असतं, त्याला शटर बघून कळतं. बिलबुक उलटं करून मागच्या बाजूनं लिहितोय. अक्षराबद्दल काही बोलू नका, तुम्ही होतात तेव्हाही ते असंच होतं.

तुम्ही नेव्ही सोडून आम्हाला घेऊन धायरीत आलात तेव्हा धायरी गावच होतं. घरामागं ज्वारी, पुढं चिखल, आणि शेजारच्या आजी रोज विचारायच्या, "काय रं, तुझा बा बोटीवर हुता नव्हं? मग हितं कसा आला, हितं तर वढा बी न्हाई." आई म्हणायची, लोक घर बघताना नळ बघतात, मोरी बघतात, यांनी आधी जिना चढून गच्ची बघितली. गच्ची लागणारच. तुम्ही सिग्नलमन. जहाजावर सगळ्यात उंच जागी उभं राहायचं, दुसऱ्या जहाजाच्या दोरीवर चढलेले रंगीत झेंडे वाचायचे, लांबवर लुकलुकणारा दिवा वाचायचा, आणि साहेबाला सांगायचं की समोरचा काय म्हणतोय. तो तुमचा ट्रेड. हुद्दा वेगळा, ट्रेड वेगळा, हे आम्हाला बाराखडीच्या आधी पाठ होतं. हुद्दा डाव्या दंडावर, ट्रेड उजव्या. "हुद्दा कोणालाही वाढवून मिळतो," तुम्ही म्हणायचात, "ट्रेड म्हणजे तू कोण."

आणि जेवताना गोष्ट. शेजारची पोरं राक्षसाची गोष्ट ऐकत जेवायची, आम्ही ट्रेडची. "आधी नुसता खलाशी होता," भाकरी मोडत तुम्ही सुरू करायचात. "शिडाचं जहाज. शीड चढवायचं त्यानंच, दोर ओढायचा त्यानंच, तोफेला बत्ती द्यायची पण त्यानंच. वर एक तांडेल, त्याच्यावर सारंग. संपलं." मग वाफ आली, कोळसा आला, आणि स्टोकर जन्माला आला. स्टोकर म्हणजे जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्याही खाली, भट्टीत फावड्यानं कोळसा टाकणारा. अख्खी नोकरी समुद्रावर, आणि समुद्र बघायचा तो बंदराला लागल्यावर. मग वायरलेस आला, त्याचा वायरलेसवाला झाला. विजेचा वीजवाला झाला. पाण्याखालचा आवाज कान लावून ऐकणारा एक, रडारपुढं बसून हिरव्या ठिपक्यांकडं टक लावणारा एक. शीड शिवणारा मात्र गेला, कारण शीडच गेलं. "आणि स्टोकर?" मी विचारायचो, उत्तर पाठ असूनसुद्धा. "कोळसा गेला, तेल आलं, तरी बरीच वर्षं त्याला स्टोकरच म्हणायचे. फावडं नाही, कोळसा नाही, नाव तेच. मग कोणीतरी वर बसून नाव बदललं, मेकॅनिकल काहीतरी केलं. आमचा स्टोकर त्या दिवशी जेवला नाही." मी म्हणायचो, का पण, नाव तर चांगलं झालं की. तुम्ही माझ्याकडं बघायचात आणि म्हणायचात, "तुला नाही कळणार. तू बिनट्रेडचा आहेस."

एक ट्रेड तुम्ही या गोष्टीत कधीच घालायचा नाहीत. तो मला खूप उशिरा, तुम्ही बूट पॉलिश करत बसला होतात तेव्हा कळला. तुमचे मामा इंग्रजांच्या काळात जहाजावर टोपस होते. टोपस म्हणजे संडास-मोऱ्या धुणारा. कागदावर तोही ट्रेडच, तांडेल-सारंगासारखा, फक्त त्याला परीक्षा नव्हती. भरतीला गेलं की जात विचारायचे आणि लिहायचे. मामांनी पुढं धर्म बदलला, ट्रेड बदलता आला नाही. सुट्टीला गावी आले की पांढरी टोपी घालून फिरायचे, पण कोणी विचारलं जहाजावर काय करता, तर म्हणायचे, जहाज मोठं आहे, बरीच कामं असतात. तुम्ही भरतीला निघालात तेव्हा ते गाडीपर्यंत आले होते आणि एवढंच म्हणाले होते, "काही पण हो. पण परीक्षा घेऊन हो." तुमची परीक्षा घेतली. लांबचा दिवा वाचायला लावला, रंग ओळखायला लावले, आणि सिग्नलमन केलं. "डोळे बघितले, आडनाव नाही," तुम्ही म्हणालात, आणि बुटाला इतका ब्रश मारलात की मला वाटलं आता कातडं निघतंय. मी नेहमीसारखं काहीतरी बोलणार होतो. आईनं स्वयंपाकघरातून डोळे वटारले म्हणून वाचलो.

रविवारचं टेबल मात्र मी कोणाला सांगितलं तर कोणाचा विश्वास बसत नाही. जहाजावर म्हणे ठरलेल्या दिवशी कॅप्टनपुढं टेबल लागतं. ज्याची विनंती आहे त्यानं डोक्यावर टोपी ठेवून उभं राहायचं, ज्यानं गुन्हा केलाय त्यानं टोपी काढून. विनंती मंजूर झाली तर कॅप्टन एक शब्द म्हणतो, "रेटेड." तेवढ्यावर माणूस काल कोणी नसतो तो आज स्टोकर होतो, सिग्नलमन होतो. धायरीत दर रविवारी पोहे झाले की तुम्ही आईच्या शिलाई मशीनवर झाकण घालून त्याच्यामागं बसायचात. ताईचं अक्षर सुरेख, ती लवकरच "रायटर" झाली. रायटर म्हणजे जहाजावरचा कारकून. दहावीला शाळेत पहिली आली तेव्हा तिला तुम्ही लीडिंग रायटर केलंत, दंडाला लाल दोऱ्याची खूण शिवून दिलीत. आईला चीफ कुक करायला निघालात तर ती पदराला हात पुसत म्हणाली, "कुक कोणाला म्हणता? ज्या मशीनवर हात टेकून बसलाय ते कोणाचं आहे बघा आधी." आईचा विषय तिथंच संपला. राहिलो मी. मी बॉय. बॉय म्हणजे भरती झालेला, जेवण मिळणारा, पण अजून ट्रेड न मिळालेला पोरगा. तुम्ही स्वतः बॉय म्हणूनच लागला होतात, म्हणून त्यात कमीपणा काही नाही असं तुम्ही सांगायचात. पण तुम्ही काय दोन पावसाळे बॉय होतात. मी जन्मभर.

"टोपी?"

"घातलीय. विनंती आहे."

"बोला."

"ट्रेड पाहिजे."

"कोणता?"

"कोणता पण चालेल."

"कोणता पण नावाचा ट्रेड नसतो. नॉट ग्रँटेड. पुढचा."

पुढचा कोणी नसायचाच. मी एकदा चिडून म्हणालो, मग मीच घेतो, आजपासून मी तोपची. तुम्ही शांतपणे म्हणालात, "स्वतःला स्वतः रेट करता येत नाही. कॅप्टनलासुद्धा नाही." त्या दिवसापासून ते माझ्या डोक्यात बसलं. पोरांना सायकल पाहिजे असते, बॅट पाहिजे असते. मला तुमच्या तोंडून तो एक शब्द पाहिजे होता, आणि त्याच्या आधी माझा काहीतरी ट्रेड.

बहुतेक रविवारी मी टोपी काढूनच उभा असायचो, ते सोडा. मोठी आत्या यायची तो किस्सा ताईच्या मुलांना मी अजून सांगतो. आत्या दरवर्षी यायची आणि आल्या आल्या घराची तपासणी करायची. भिंतीला पोपडे, पोराला वळण नाही, भावाला नोकरी नाही धड. तुम्ही कामावर होतात. मी गच्चीवर गेलो आणि आईचा पिवळा परकर आणि तुटक्या छत्रीचं काळं कापड कापून, पिवळ्या-काळ्या चार चौकटींचा झेंडा शिवून कपड्यांच्या दोरीवर चढवला. तुम्हीच शिकवला होतात तो. जहाजावर साथीचा रोग आहे, जवळ येऊ नका. संध्याकाळी फाट्यावरून तुमची सायकल वळताना मला गच्चीवरून दिसली. तुम्ही थांबलात. एक पाय जमिनीवर टेकवून, डोळ्यांवर हात धरून वर बघितलंत. आणि सायकल तशीच फिरवून परत गेलात! आत्या जेवून, बोलून, दमून गेल्यावर उशिरानं आलात आणि दारातच विचारलंत, "गेली का साथ?" आईला काही कळेना. आपण दोघं मोरीत तोंडावर टॉवेल धरून हसत होतो. परकर सापडला तेव्हा मी टोपी काढून उभा राहिलो, पण तुम्ही शिक्षा सुनावताना आवाज सरळ ठेवू शकला नाहीत. पुण्यात तो झेंडा वाचू शकणारा माणूस त्या वेळी तुम्हीच, आणि चढवणारा मीच. आता वाटतं, तेव्हा आपलं एक छोटं आरमारच होतं.

दहावीला मी गणितात आणि इंग्रजीत गेलो. दुसऱ्यांदा बसलो, दुसऱ्यांदा गेलो. तुम्ही मारलं नाहीत, ओरडला नाहीत, नुसतं म्हणालात, "अजून किती वेळा बसणार?" मी म्हणालो, "बोर्ड थकेपर्यंत." तुम्ही दुसऱ्या दिवशी मला बसनं बुधवार पेठेत घेऊन आलात, एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, आणि शेठना म्हणालात, "तोंड जास्त चालतं, पण हातही चालतो. तोंडाचे पैसे देऊ नका." तेव्हापासून मी याच गल्लीत. रेडिओ शिकलो तर टेपरेकॉर्डर आले, टेप शिकलो तर सीडी आली. पेजर तर आला आणि आम्ही त्याचा स्क्रू उघडेपर्यंत गेला. मग मोबाइल. तेव्हाचे मोबाइल चालू केले की आधी पडद्यावर एक ओळ यायची, आपल्याला हवी ती लिहिता यायची. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक फोनवर काहीतरी लिहून द्यायचो. "आधी भाजी आणा." "बायकोला सांगून आलात का." एक प्रोफेसर परत आले भांडायला आणि म्हणाले, हे काढा. मग जाताना म्हणाले, राहू दे, भाजी खरंच विसरलो होतो. हे मी घरी येऊन सांगायचो आणि तुम्ही विचारायचात, "बरं, मग आज तुझा ट्रेड काय?" मी म्हणायचो, सकाळी पेजर होता, संध्याकाळचं माहीत नाही. "मग थांबू," तुम्ही म्हणायचात, आणि रविवारी पुन्हा नॉट ग्रँटेड.

मला तेव्हा राग यायचा. ताई पदवी घेऊन कंपनीत लागली होती, रायटर, लीडिंग रायटर, आणखी काय काय झाली होती, आणि मी कमवत असूनसुद्धा बॉय. तुम्ही तोपर्यंत बायपासच्या पलीकडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला होतात. नेव्ही सोडल्यावर तुम्ही नोकरीला जिथं जिथं गेलात तिथं विचारायचे, सिग्नलमन म्हणजे रेल्वेत का? कुकला हॉटेल होतं, वीजवाल्याला कारखाना होता, स्टोकरला बॉयलर होता. झेंडे वाचणाऱ्याला पुण्यात काय असणार. त्याच सुमारास स्टोकरकाका घरी आले. तेच, तुमच्या जहाजावरचे, ज्या दिवशी नाव बदललं त्या दिवशी जेवले नव्हते ते. खडकीला राहायचे. तुम्हाला नावानं कधी हाक मारली नाही त्यांनी, "बंटिंग" म्हणायचे, झेंड्याच्या कापडाला म्हणतात ते. जहाजावर सिग्नलमनला तेच नाव. चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "बंटिंग, कळलं का? तुमचं पण नाव काढलं. आता झेंडेवाला वेगळा न् वायरलेसवाला वेगळा असं काही राहिलं नाही. कम्युनिकेशन म्हणायचं सगळ्यांना." मी तिथंच बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "हं." मग म्हणालात, "बिस्कीट घे." बास.

त्यानंतर काही दिवसांनी तुमच्या कंपनीतल्या एका पोराचा दुरुस्त केलेला फोन द्यायला मी गेटवर आलो होतो. तुम्ही खुर्चीत. निळा गणवेश, खांद्यावर शिट्टीची दोरी. दुपारची सुट्टी, कार्ड लटकवलेली माणसं चहाला बाहेर येतात, आत जातात. मी म्हणालो, इथं बरंय, ट्रेड गळ्यातच घालून फिरतात. तुम्ही म्हणालात, "वाचलीस का कार्डं? सगळे इंजिनियर. मग वल्हवतं कोण?" मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. त्या दिवशी सकाळी काही लोकांना कंपनीनं घरी पाठवलं होतं. खोक्यात वस्तू भरून ते गेटवर येत होते आणि तुमचं काम होतं त्यांचं कार्ड काढून घ्यायचं. तुम्ही सांगितलंत, "एक पोरगा कार्ड देईना. हातात धरून उभा. म्हणाला, काका, घरी आता काय सांगू, मी कोण? मी काय सांगणार त्याला?" आणि मग रस्त्याकडं बघत, माझ्याकडं न बघता बोललात. "तुला वाटतं मी मुद्दाम करतो. मुद्दामच करतो. मामांना ट्रेड दिला तो त्यांना जन्मभर धुवून काढता आला नाही. मला दिला तो पाण्यात विरून गेला. तुला एखादा देऊन टाकला, तू त्याच्यावर दोन्ही पाय रोवून उभा राहिलास, आणि खालून तोच गेला तर? बॉयला कोणी बुडवू शकत नाही. त्याच्याकडून काढून घ्यायला काही नसतं."

  माझं तोंड बघून तुम्हाला बहुतेक दया आली. खुर्चीतून उठलात, टोपी सरळ केलीत आणि म्हणालात, "बरं. चूक असेल माझी. टेबल नाही, पण गेट आहे. बोल, कोणता ट्रेड? तू म्हणशील तो. आत्ता देतो."

आणि मी म्हणालो, "अॅडमिरल."

तुम्ही इतके हसलात की खोकला आला. दुसऱ्या गार्डला हाक मारून म्हणालात, "ए, उठ, अॅडमिरल आलेत," आणि त्या सगळ्या चहावाल्या इंजिनियरांसमोर टाचा जुळवून मला कडक सॅल्यूट ठोकलात. पोरं हसायला लागली, कोणीतरी टाळी वाजवली. मी पण छाती काढून सॅल्यूट घेतला. मग साहेबाची गाडी आली, तुम्ही दांडा वर करायला गेलात. जाताना म्हणालात, "रविवारी बघू नीट."

रविवारच्या आधीच झटका आला. सकाळी दात घासताना. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. आई सुन्न बसलेली, ताई डॉक्टरांच्या मागं मागं. स्टोकरकाका आले, पलंगाशी उभे राहिले आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "अरे रडता काय! बंटिंग आहे तो! तोंड गेलं तर गेलं, डावा हात आहे ना? याला तोंड लागतंच कुठं?" खरंच की. आम्हा सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. सगळ्या हॉस्पिटलात आमच्याच पेशंटला बोलायला दुसरी भाषा येत होती, तोंडाशिवायची. आई चक्क हसली. मी स्टोकरकाकांकडून दिव्याचं मोर्स शिकायला लागलो. त्यांनाही अर्धंच येत होतं, त्यांचा जन्म भट्टीपुढं गेलेला. उरलेलं मी एका जुन्या पुस्तकातून घोकलं. दहावीला घोकलं नाही एवढं. आणि दोन-तीन दिवसांनी दुपारी वॉर्डातले पडदे ओढून मी बॅटरी घेऊन तुमच्यासमोर उभा राहिलो आणि लांब-आखूड, लांब-आखूड करत एकच शब्द पाठवला. बाबा.

तुम्ही दिव्याकडं बघत होतात. लहान मूल बघतं तसं. दिवा बंद झाला की माझ्याकडं, लागला की दिव्याकडं. मी पुन्हा पाठवला. सावकाश पाठवला. स्टोकरकाका म्हणाले, चुकतोयस तू, आण इकडं. त्यांनी पाठवला. तुम्ही त्यांच्याकडं बघून छान हसलात. मग मी गच्चीवरचा तो पिवळा-काळा झेंडा आणला, कारण तो तरी तुम्ही विसरणं शक्यच नव्हतं. तुम्ही डाव्या हातानं त्याचं कापड चाचपलंत, चादर चाचपतात तसं, आणि बाजूला ठेवलंत. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर घेतलं. म्हणाल्या, "अहो, यांची जीभ नाही गेली. भाषा गेलीय. शब्द काय, दिवा काय, झेंडे काय, मेंदूला सगळी भाषाच ना ती. सगळंच एकदम पुसलं गेलंय." स्टोकरकाका भिंतीला टेकून खाली बसले. पुण्यातल्या कुठल्याही दुसऱ्या घराला हे एकदाच सोसावं लागलं असतं. तुमचं बोलणं आमच्या घरातून दोनदा गेलं.

एक शब्द मात्र राहिला. महिन्याभरानं घरी आलात तेव्हा तो बाहेर आला. "बॉय." मी धावत आलो. मला वाटलं मलाच हाक मारली. पण तुम्ही पाण्याच्या तांब्याकडं बघत होतात. पाणी म्हणजे बॉय, पंखा म्हणजे बॉय, दुखतंय म्हणजेही बॉय. आईकडं बघून बॉय म्हणालात तेव्हा ती तुमचं तोंड पुसत म्हणाली, "इतकी वर्षं टेबलाच्या मागं होते, आता शेवटी बॉय झाले." आणि स्वयंपाकघरात जाऊन कितीतरी वेळ नळ सोडून उभी राहिली.

रविवारी मी मशीनवर झाकण घालायचो, तुमची खुर्ची त्याच्यामागं सरकवायचो, टोपी घालून समोर उभा राहायचो. "विनंती आहे. ट्रेड पाहिजे." तुम्ही माझ्याकडं बघायचात. खूप वेळ बघायचात, कपाळाला आठी घालून, जणू लांबून काहीतरी येतंय आणि अजून वाचता येत नाही. ओठ हलायचे. मी वाट बघायचो. आणि मग, "बॉय." मी म्हणायचो, येस सर. ताई एकदा म्हणाली, नको रे असं करत जाऊ, त्यांना त्रास होतो. पण मी केलं. शेवटच्या रविवारपर्यंत केलं. तुम्ही गेलात तेव्हा बुद्धवंदना झाल्यावर स्टोकरकाका पुढं आले आणि पायाशी वाकून म्हणाले, "बंटिंग, येतो मागनं." तेही आता गेले. आता या गावात तुम्हाला ट्रेडनं हाक मारणारं कोणी नाही.

धायरीत ज्वारी नाही राहिली. गच्चीवरून आता फाटा दिसत नाही, चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या गच्च्या आल्यात आणि त्यांच्यावर पाण्याच्या टाक्या. दुकान शेठनंतर माझंच आहे. परवा बोर्ड रंगवून घेतला तर पेंटरनं विचारलं, नावाखाली काय टाकू? रिपेअर टाकू, टेक्निशियन टाकू, इंजिनियर टाकू? हल्ली सगळे इंजिनियरच टाकतात, म्हणाला. मी म्हणालो, काही टाकू नकोस. तो म्हणाला, रिकामं दिसेल. मी म्हणालो, दिसू दे. आता मी चाळिशीला आलो, बाबा. पोरगी माझी शाळेत सांगते, माझे पप्पा मोबाइलवाले. चांगलं आहे, मी काही म्हणत नाही. पण नियम तुमचाच आहे, स्वतःला स्वतः रेट करता येत नाही, आणि ज्याला करता येत होतं तो टेबलावरून उठून गेला.

हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकतो. त्या दिवशी गेटवर तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या जिभेवर अॅडमिरल नव्हतं आलं. दुसरंच आलं होतं, आणि दातापर्यंत आलेलं मी गिळलं. चार दिवसांपूर्वीच स्टोकरकाकांनी तो ट्रेड गेल्याचं सांगितलं होतं, आणि माझी ख्याती तुम्हाला माहीत. तुम्हाला वाटलं असतं, पोरगं जखमेवर बोट ठेवून टिंगल करतंय. म्हणून मी खरीच टिंगल केली, तीच मला सोपी.

सिग्नलमन म्हणणार होतो, बाबा. चेष्टा नव्हती.